अर्धलीची शेळी आणि विद्यापीठातली खोली

तमाम सुज्ञ वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, निजामाच्या मुलखात, हिंगोलीच्या आसपास, एका शेळीला दोन करडं झाली. दोन्ही करडं सुखरूप आहेत. शेळीही सुखरूप आहे. ती शेळी मुळात कधी नव्हतीच, ही गोष्ट वेगळी. पण या नसलेल्या शेळीपायी एका विद्यापीठाचा अख्खा विभाग बुडायची वेळ आली, आणि प्रस्तुत लेखकाला चाळिशी उलटल्यावर परक्या गावच्या पारावर चार पायांवर उभं राहून ओरडावं लागलं. तेव्हा विषय हसण्यावारी नेऊ नये.

माझे बालमित्र भास्करराव आमच्या शहरातल्या विद्यापीठात भाषाशास्त्राचे प्राध्यापक आहेत. विभाग म्हणजे एक प्राध्यापक, एक शिपाई, दोन कपाटं आणि वरच्या मजल्यावरची एक खोली. खोली मात्र झकास. पूर्वेला खिडकी, खिडकीत कडुलिंब. या खोलीवर विद्यापीठातल्या एका वजनदार सभासदांची नजर गेली. आपण त्यांना नुसतं रावबहादूर म्हणू. त्यांना तिथे टंकलेखनाचा वर्ग काढायचा होता. रावबहादुरांचं बोलणं असं, की प्रत्येक शब्द इस्त्री करून तोंडाबाहेर पडावा. ते म्हणाले, "प्राध्यापक महाशय, खेडवळ लोक बोलतात ती बिघडलेली भाषा. बिघडलेल्या वस्तूचा विभाग कशाला हवा? दुरुस्तीला शाळा आहेतच."

भास्करराव तसा मऊ माणूस, पण या वाक्यावर तो पेटला. खेडोपाडीच्या बोलीलाही बांधीव घाट असतो, हे मी सिद्ध करून दाखवतो, असं भर सभेत म्हणाला. ठरलं ते असं: एकच गोष्ट वेगवेगळ्या गावांतल्या माणसांकडून त्यांच्या बोलीत सांगून घ्यायची, ध्वनिमुद्रणाच्या यंत्रावर मेणाच्या नळ्यांत भरायची, आणि सभेपुढे वाजवायची. गोष्ट सगळीकडे तीच, तसूभरही बदल नाही; नाहीतर गावाशी गाव ताडून बघणार कसं? ते जमलं तर विभाग राहील. नाही जमलं तर खोली टंकलेखनाला, आणि भास्करराव इतिहास विभागात सनावळ्या शिकवायला.

"कुठे जाणार?" रावबहादुरांनी विचारलं.

"हिंगोलीकडे. पुसेगाव, साखरा, मग बाळापूर."

"साखऱ्याला काय ठेवलंय? बाभळी आहेत नुसत्या," रावबहादूर म्हणाले, आणि सभा उठली.

मी या सगळ्यात कुठे? मी शाळामास्तर, आणि हौशी रंगभूमीवरचं जुनं खोड. राजे, राण्या, राक्षस, झालंच तर एकदा समुद्रसुद्धा केलेला आहे. भास्कररावाला गावकऱ्यांसमोर मूळ गोष्ट रंगवून सांगणारा माणूस हवा होता. तो स्वतः गोष्ट सांगायला लागला की ऐकणाऱ्याला वाटतं, घरात कोणीतरी गेलं. म्हणून मी.

आता ती गोष्ट. विद्यापीठाच्या समितीनं चार बैठका घेऊन ती रचली. एक म्हातारा काशीला निघाला. जाताना आपली शेळी शेजाऱ्यापाशी ठेवून गेला. काशीला तो आजारी पडला आणि वर्षभर तिकडेच राहिला. परत आला तर शेळीला दोन करडं झालेली. प्रामाणिक शेजाऱ्यानं शेळी आणि दोन्ही करडं म्हाताऱ्याच्या हवाली केली. संपली गोष्ट. समितीत पाच विद्वान होते. पाचांपैकी एकाच्याही घरी शेळी नव्हती. एकाच्या घरी मांजर होतं.

हिंगोली

पूर्णेला गाडी बदलली की आपण खऱ्या अर्थानं मराठवाड्यात शिरतो. हिंगोलीला रूळ संपतात. इंजिन तिथे पोचल्यावर असा सुस्कारा टाकतं, की त्यालाही वाटत असावं, आता पुढे कोण जातो. बाहेर टांगे, कापसाच्या गाड्या, गाड्यांवरून उडणारा कापूस, आणि सगळ्यांवर एक मऊ पांढरी धूळ. सकाळची थंडी अशी, की टांगेवाल्यानं घोड्याच्या पाठीवर स्वतःची घोंगडी घातली होती आणि स्वतः कुडकुडत होता. माझं मन तिथेच बसलं त्या गावावर.

यंत्र घेऊन खेड्यांत फिरायचं तर परवानगी हवी. ठाण्यावर अमीनसाहेब, म्हणजे निजामाचे फौजदार, बसले होते. मिशा अशा, की दोन्हीकडे एकेक शिपाई टांगावा. यंत्राच्या कर्ण्यात डोकावून त्यांनी विचारलं, "इस में हुकूमत के खिलाफ तो कुछ नहीं बोलते?"

"नहीं साहब," मी म्हणालो, "बकरी के बारे में बोलते हैं."

अमीनसाहेबांचा चेहरा आणखी गंभीर झाला. "किस की बकरी?"

भास्करराव गोंधळला. शेवटी त्यानं अमीनसाहेबांनाच कर्ण्यासमोर उभं केलं. त्यांनी नाव, हुद्दा आणि वडिलांचं नाव खणखणीत सांगितलं. नळी फिरवून त्यांचाच आवाज त्यांना ऐकवला, तेव्हा ते ताडकन उठले, टोपी सारखी केली आणि कर्ण्याला सलाम ठोकला. परवानगीच्या कागदावर मोहोर बसली. निघताना पुन्हा विचारलंच, "लेकिन बकरी किस की थी?"

तेव्हाच आम्ही शहाणं व्हायला हवं होतं.

पुसेगाव

पुसेगावला बैलगाडीनं गेलो. दोन्ही बाजूंना ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेलेली, कणसं दुधाळ, मधूनच करडईची पिवळी पट्टी आणि तुरीच्या वाळायला लागलेल्या शेंगा. काळी जमीन एवढी काळी, की आमच्याकडची काळी माती तिच्यापुढे नुसती सावळी. गाडीवान बैलांशी सारखं बोलत होता आणि बैल, मी शपथेवर सांगतो, ऐकत होते.

उतरलो ते पाटलांकडे. गोविंदराव पाटील, मोठे जमीनदार, आवाज ढोलासारखा. आमच्या शहरात पाहुणा आला की आधी चहा आणि मग "जेवूनच निघाला असाल ना?" असा पोटात गोळा आणणारा प्रश्न. इथे गोविंदरावांनी पायांवर पाणी घालायला लावलं, गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि म्हणाले, "जेवाले बसा. कामाचं मंग बोलू." ताटात ज्वारीची भाकरी, आंबाडीची भाजी, वर कच्चं तेल आणि ठेचा. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पाटलीणबाई आतून म्हणाल्या, "पाव्हण्याला घरची याद येऊन राहिली, दही वाढा."

दुपारी पारावर सगळा गाव जमला. मी गोष्ट सांगायला उभा राहिलो. आता, खोटं कशाला बोलू, समितीनं गोष्ट रचली होती ती पाच ओळींची. पण माणसं डोळे मोठे करून बसली की माझ्या अंगात येतं. मी म्हातारा झालो, काठी टेकली, शेळीच्या गळ्यात पडून रडलो. मग शेळी झालो. माझ्या ओरडण्याला गावाच्या टोकावरून एका खऱ्या शेळीनं उत्तर दिलं, तेव्हा जी टाळी पडली तशी मी कधी नाटकातसुद्धा घेतलेली नाही.

पहिले बोलायला बसले किसनबुवा. म्हातारे शेतकरी, दात दोनच, पण बोलणं असं वाहतं, की भास्कररावाच्या चेहऱ्यावर देवघरात दिवा लागावा तसा उजेड आला. "एक म्हातारा व्हता. त्यो काशीला जाऊन राहिला व्हता..." काय लय! काय थांबणं! गोष्ट शेवटाला आली आणि किसनबुवा म्हणाले, "मंग शेजाऱ्यानं म्हाताऱ्याला शेळी देल्ली. आन् एक करडू देल्लं."

"दोन," भास्करराव हळूच म्हणाला.

"एक."

"अहो, गोष्टीत दोन दिली आहेत."

"गोष्टीत देल्ली असतीन. गावात एकच देतेत."

मला वाटलं, म्हातारा विसरला. पण पारावरचे सगळे माना डोलवत होते. मग गोविंदरावांनी समजावलं. त्या भागात शेळी दुसऱ्याकडे राखायला दिली, की ती अर्धलीनं दिली असं धरतात: शेळी मालकाची, पण जी करडं होतील त्यांत अर्धी राखणाऱ्याची. दोन झाली तर एक याचं, एक त्याचं. हे कुणी सांगावं लागत नाही, जसं जेवायला उजवा हात घ्यावा हे सांगावं लागत नाही.

"पण किसनबुवा," भास्करराव अगदी काकुळतीला आला, "ही गोष्ट खरी नाही हो! कुणी म्हातारा नाही, कुणी शेजारी नाही. तुम्ही फक्त म्हणा, दोन्ही करडं दिली."

किसनबुवांनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. "सालभर ज्यानं पाला घातला, त्याचं करडू मी माझ्या तोंडानं दुसऱ्याला काहून देऊ? अन् गोष्ट खोटी हाय म्हनता, तर खोटं आमच्या तोंडून काहून वदवून राहिले?"

भास्करराव माझ्याकडे बघायला लागला. मी आभाळाकडे बघायला लागलो.

त्यानंतर चौघं बोलले. चौघांनी एकच करडू दिलं. एकानं तर म्हाताऱ्यालाच दोन शब्द सुनावले, की सालभर निरोपसुद्धा धाडला नाही. शेवटी गावच्या शाळेतले मास्तर पुढे आले. ते बाहेरगावचे, नोकरीच्या माणसासारखे सावध. त्यांनी गोष्ट जशीच्या तशी, दोन्ही करडांसकट, म्हणून दिली. आवाज सपाट, पण नियमाला धरून. भास्कररावानं ती नळी कापसात गुंडाळली आणि वेगळ्या पेटीत ठेवली. "वाचलो," तो म्हणाला. मास्तर घरी जायला निघाले तेव्हा किसनबुवा त्यांना म्हणाले, "मास्तर, तुमच्याकडं म्या काही राखाले ठिवणार न्हाई बरं."

साखरा

साखऱ्याला खरंच बाभळी होत्या. पण नुसत्या नव्हत्या. बाभळींच्या पलीकडे शेतं होती, आणि शेतात आमच्यासाठी हुरड्याची आगटी पेटली होती. वाचकहो, ज्यानं हिंगोलीकडचा हुरडा खाल्ला नाही त्यानं ज्वारीबद्दल मत देऊ नये. कोवळी कणसं गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, आणि हिरवे मोत्यासारखे दाणे जवसाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. भास्करराव, जो घरी दोन फुलक्यांवर उठतो, तो पालथी मांडी घालून असा बसला, की यजमानांच्या घरची माणसं कणसं पुरवून दमली.

आणि तिथेच घात झाला. खाण्याच्या नादात आपल्या हातानं त्यानं ती खास पेटी मांडीजवळून सरकवली, ती आगटीच्या कडेला. हुरडा संपला तेव्हा पेटी उघडली. मास्तरांची नळी होती तिथे मेणाचा एक ओघळलेला गोळा होता. दोन्ही करडं, शेळी आणि काशी सगळं त्या गोळ्यात गेलं.

भास्करराव त्या गोळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "इतिहासात कुठपासून सुरुवात करतात रे? अश्मयुगापासून?"

यजमानांची सून गयाबाई, वय तिशीचं, तोंड तलवारीचं. तिनं विचारलं, "काय झालं काका? काहून असं तोंड करून बसले?" मी सगळं सांगितलं. शेळीचं, करडांचं, खोलीचं. गयाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आणा ते मशीन. मी सांगते."

भास्कररावानं आशेनं कर्णा लावला. गयाबाईनं सुरुवात झोकात केली. शेवटाला आली आणि म्हणाली, "मंग शेजारी म्हनला, बाबा, ही तुझी शेळी. अन् करडांचं म्हनशीन तर आधी सांग, सालभर दूध कोण पेलं?"

हे कोणालाच सुचलं नव्हतं. कर्ण्याभोवती बायकांचा गलका उठला.

"दूध शेजाऱ्यानं पेलं ना! मंग करडू कशाचं मागतो?"

"अगं बये, दोन करडं पिऊन राहिलेत, शेजाऱ्याच्या वाट्याला काय, थेंब?"

"तुह्या सासूनं राखली व्हती शेळी, तवा दूध कुठं गेलतं ते सांगू का?"

"माह्या सासूचं नाव काढू नको!"

नळी संपली. भास्कररावानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. माझी मात्र हसून पुरेवाट झाली. मी कितीतरी नाटकं केली. एवढ्या चपळ जागा घेणारी, एकमेकींचं वाक्य हवेतल्या हवेत झेलणारी मंडळी मला कुठल्या कंपनीत मिळाली नाही. आणि त्यांतल्या एकीनंही आमच्या गोष्टीला 'नुसती गोष्ट' म्हटलं नाही.

मुक्कामावर परतताना मी मित्राला एक सैतानी सल्ला दिला. "भास्कर, मी नट आहे. दोन दिवस या लोकांचं बोलणं कानात भरलंय. मीच म्हणतो कर्ण्यात, किसनबुवांच्या आवाजात, दोन्ही करडांसकट. रावबहादुरांच्या बापाला कळायचं नाही."

भास्करराव गाडीत उठून बसला. इतक्या वर्षांत त्याला मी असं बोलताना ऐकलं नव्हतं. "मग विभाग कशासाठी वाचवायचा? तुझी नक्कल जपून ठेवायला? गेली तर जाऊ दे खोली."

मी कान धरले. बैलांनी माना हलवल्या.

आखाडा बाळापूर

बाळापूरचा बाजार म्हणजे सगळ्या पंचक्रोशीचं तोंड. मिरच्यांचे ढीग, घोंगड्या, गुळाच्या ढेपा, नांदेडच्या वाटेवरून येणारी मोटार, तिच्यामागे धावणारी कुत्री. आम्ही पेट्या उतरवतो तोच एक घोंगडीवाला म्हणाला, "तुमीच का ते शेळीवाले?"

बातमी आमच्याआधी पोचली होती. कशी, ते देव जाणे; आमचा गाडीवान संशयास्पद निरागस दिसत होता. घटकाभरात आमच्याभोवती माणसंच माणसं. "म्हातारा कुठला हो?" "शेजारी अजून करडू मागून राहिला का?" "तकलीफ झाली बिचाऱ्याला!" शेळ्यांचा एक व्यापारी आणि एक धनगर समोरासमोर उभे ठाकले. व्यापाऱ्याचं म्हणणं, बोली, म्हणजे वाट्याचा करार, झाली नव्हती, फक्त ठेवली होती, म्हणून दोन्ही म्हाताऱ्याची. धनगराचं म्हणणं, बोली लागत नाही, ठेवली म्हणजे अर्धलीनं ठेवली.

मी भास्कररावाकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा रडणार. तो मान वाकडी करून ऐकत होता. त्याचे ओठ हलत होते. मग एकदम त्यानं विचारलं, आणि तेही स्वतःच्या भाषेत नव्हे, "अन् एक करडू मेलं असतं तर?"

असा भडका उडाला, की मिरच्यांचे ढीग हलले! धनगर बोलतोय, व्यापारी बोलतोय, एक म्हातारी दोघांना ढकलून बोलतेय. प्रत्येकाची बोली आपल्या वेगळ्या चालीवर, आणि तरीही एका घाटाची. भास्कररावाच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते मिरचीचं नव्हतं.

"गोष्ट मरू दे," तो माझ्या कानात ओरडला. "माणसं पाठ म्हणतात तेव्हा मास्तर होतात. भांडतात तेव्हा बोलतात! कर्णा लाव. शेवटची नळी आहे, भांडण भरून घे."

मी कर्णा लावला.

परत

सभा भरली. खुर्च्यांवर सभासद, मध्ये रावबहादूर, हातात टंकलेखनाच्या यंत्रांचं चित्र असलेला कागद. भास्कररावानं उभं राहून स्वच्छ सांगितलं: ठरलेली गोष्ट ठरल्याप्रमाणे एकाही नळीवर नाही. जे मिळालं ते वाजवतो. पटलं तर ठेवा, नाहीतर किल्ली ही.

त्यानं खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. ती टेबलावर वाजली तो आवाज मला अजून आठवतो.

आधी किसनबुवा लागले. सभासद हसले, पण चांगलं हसले. मग गयाबाई. एका वृद्ध सभासदांनी चष्मा काढला आणि पुसला. रावबहादूर दगडासारखे. त्यांनी घड्याळ काढून पाहिलं, कागदाची घडी घातली.

इथे एक सांगून ठेवतो, कारण नंतर सांगायला जागा उरणार नाही. ती खोली आजही विभागाकडेच आहे. कडुलिंबही आहे. टंकलेखनाचा वर्ग तळमजल्यावर छान चालतो. रावबहादुरांनी पुढच्या थंडीत पुन्हा हिंगोलीकडे जाण्यासाठी स्वतः शिफारस लिहिली. हे सगळं सभेच्या इतिवृत्तात आहे. जे इतिवृत्तात नाही तेवढं सांगतो.

शेवटची नळी बाळापूरची. कर्ण्यातून बाजार उसळला. धनगर, व्यापारी, म्हातारी. व्यापाऱ्याचा आवाज चढत चढत सगळ्यांच्या वर गेला: "बोली न्हाई तर वाटा न्हाई! दोन्ही करडं म्हाताऱ्याची!" आणि नेमकी तिथेच नळी संपली. धनगराचं उत्तर मेणात मावलं नव्हतं. सभागृहात सुई नुसती खरखरत होती. सगळे उत्तराची वाट बघत होते, आणि उत्तर बाळापूरला राहिलं होतं.

तेवढ्यात खुर्ची मागे सरकली. चाळीस वर्षं शब्दाला इस्त्री केल्याशिवाय तोंड न उघडलेले आमचे रावबहादूर टेबलावर दोन्ही हात टेकून उभे होते, मान पुढे, डोळे कर्ण्याच्या खोलात लावलेले, आणि त्या कर्ण्याला, म्हणजे बाजारातल्या त्या व्यापाऱ्याला, ते तारस्वरात म्हणाले:

"दोन्ही काहून रे, लेका? आमच्या साखऱ्यात एक शेजाऱ्याचं असतंय!"